मशीन थांबवलंत ते बरोबर, रोलरला हात लावलात ते नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते कळेल. रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंग युनिटमध्ये तुम्ही शिफ्टला लाइन असिस्टंट आहात. गेल्या मे महिन्यात ऑपरेटर जेवायला गेला असताना सीमरमधून, म्हणजे डब्याला झाकण बसवून कड आवळणाऱ्या मशीनमधून, बाहेर पडणाऱ्या डब्यांची कड तुम्हाला बरी दिसली नाही. तुम्ही मशीन थांबवलं, स्वतःच रोलर थोडा आवळला आणि लाइन पुन्हा चालू केली. तासाभराने मॅनेजरना कळलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला झापलं. याच साहेबांनी सीझनच्या पहिल्या मीटिंगमध्ये "इथे प्रत्येक जण लीडर आहे, पुढाकार घ्या" असं सांगितलं होतं. आता तुम्ही विचारताय की खालच्या माणसाने पुढाकार घ्यावा, की आपलं काम भलं आणि आपण भले? आणि अशा पुढाकाराने टीमचं खरंच काही भलं होतं का?

मी बरीच वर्षं आंबा आणि काजूच्या प्रक्रियेत आहे. लाइनवर उभा राहिलोय, पुढे प्लांट सांभाळलेत, आणि आता सीझनपूर्वी छोट्या युनिटना घडी बसवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या हातून एक नाही, दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आणि त्या दोन्हींना तुम्ही 'पुढाकार' म्हणताय. थांबवणं ही एक गोष्ट, बदल करणं ही दुसरी. मॅनेजरनीही ती गल्लत केली आणि दोन्हींसाठी एकदमच झापलं. माझ्या मते थांबवण्याचा हक्क लाइनवरच्या शेवटच्या माणसालाही हवा. बदल करण्याचा हक्क मात्र ज्याला पुढचं-मागचं सगळं ठाऊक आहे त्यालाच हवा, आणि त्यानेही बदल केल्याबरोबर तो नोंदवायला हवा.

आधी रोलरचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. डब्याची कड दोन टप्प्यांत बसते. पहिला रोलर झाकणाची कड डब्याच्या ओठाखाली वळवतो, दुसरा ती दाबून सपाट करतो. झाकणाचा हूक आणि डब्याचा हूक एकमेकांत किती अडकलेत यावर डबा धरणार की गळणार ते ठरतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून साधारण अर्ध्या तासाने नजरेची तपासणी आणि चारेक तासांनी सीमरच्या प्रत्येक हेडचा, म्हणजे झाकण बसवणाऱ्या प्रत्येक तोंडाचा, डबा घेऊन कड कापून, मायक्रोमीटर लावून मापं घ्यायची, अशी पद्धत असते. नुसत्या डोळ्यांना सैल वाटणारी कड मापात बसणारी निघू शकते. उलट रोलर जास्त आवळला तर कड छान सपाट, चकचकीत दिसते, पण पत्रा आत कापला जातो किंवा पातळ होतो.

समजा तुम्ही आवळलात ते बरोबर होतं. तरी एक भानगड उरतेच. तुम्ही आवळण्याआधीचे डबे कुठे संपले आणि नंतरचे कुठून सुरू झाले? सगळे एकाच कोडचे, एकाच क्रेनच्या पिंजऱ्यात, एकाच पाण्यात उकळून बाहेर आलेले. खूण नसेल तर क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाला, अख्खी बॅच होल्डवर टाकण्यावाचून इलाज राहत नाही. आंब्याच्या पल्पचा सामू ४.६ च्या बराच खाली असतो, म्हणजे तो पुरेसा आंबट असतो, त्यामुळे बोट्युलिझमसारख्या जीवघेण्या विषबाधेची भीती सहसा नसते. पण कडेतून शिरलेला यीस्ट आपलं काम करतोच. डबा आज फुगत नाही, काही आठवड्यांनी गोदामात फुगतो, आणि तोवर कोणत्या दिवशी कोणत्या वेळेला काय झालं हे आठवणारं कोणी नसतं. ३.१ किलोचा एक डबा फुटून खालच्या थरावर सांडला की काय वास सुटतो ते तुम्हाला सांगायला नको.

मॅनेजरना राग आला तो माझ्या अंदाजाने ही खूण न केल्यावरून. तो त्यांनी नीट शब्दांत सांगितला नाही, हा त्यांचा दोष.

आता थांबवण्याबद्दल. इथे मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. थांबवणं फुकट नसतं, हे मान्य. केटलमधला पल्प तापत राहिला की रंग काळवंडतो, हापूसचा वास उडून जातो. ८५ अंशाला भरलेले डबे झाकणाविना उभे राहिले की निवतात आणि मग आत व्हॅक्यूम नीट बसत नाही. मे महिन्यात गेटवर क्रेटनी भरलेल्या गाड्या उभ्या असतात, फळ आजच पिकून उद्या उतरणार असतं. दहा मिनिटांचं थांबणं मालकाला टोचतं ते उगाच नाही. पण ते नुकसान दिसतं, मोजता येतं आणि तिथेच संपतं. गळक्या कडेचं नुकसान दिसत नाही आणि संपतही नाही.

आपल्याच पट्ट्यातलं एक उदाहरण देतो. रोह्यापासून ठोकूरपर्यंतची सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ रुळावर दगड-दरड येऊन मोठे अपघात झाले. डोंगर कापून रूळ टाकलेत त्या कटिंगचे उतार कमी करणं, जाळ्या मारणं, पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालवणं, ही कामं त्यानंतर जोरात झाली. तरी पावसाळ्यात शेवटचा भरवसा असतो तो कटिंगमधून रात्रंदिवस चालत गस्त घालणाऱ्या पेट्रोलमनवर. रेल्वेच्या उतरंडीत अगदी खालचा माणूस. त्याच्याकडे कंदील किंवा टॉर्च, झेंड्या आणि रुळावर ठेवायचे, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे फटाके असतात. रात्री दोन वाजता रुळावर धोंडा दिसला तर त्याने साहेबाची परवानगी मागत बसायचं नाही. गाडी येण्याच्या दिशेने धावत जायचं, ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन फटाके लावायचे, लाल दिवा दाखवायचा. मग समोरून राजधानी येवो नाहीतर मालगाडी. त्या घटकेला पदाने कितीही मोठा अधिकारी त्या गाडीत बसलेला असो, गाडी थांबते ती या माणसाच्या हातातल्या दिव्यासमोर.

पण याच नियमाचा दुसरा भाग लोक विसरतात. गाडी पुन्हा सोडायची का, किती वेगाने सोडायची, रूळ ठीक आहे का, हे तो पेट्रोलमन ठरवत नाही. ते रुळांची देखभाल बघणाऱ्या पी-वेच्या इंजिनिअरचं काम. थांबवण्याचा अधिकार अगदी खाली दिलाय आणि पुन्हा सुरू करण्याचा वर ठेवलाय. ही वाटणी मला कारखान्यासाठीही योग्य वाटते. तुमच्या युनिटमध्ये ती कोणी स्पष्ट केलेली नव्हती, इतकंच.

पुढाकार म्हटला की लोकांना थरारक प्रसंग आठवतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा एसटी आगारातले व्यवस्थापक आणि कर्मचारी आगाराची रोकड सांभाळत गाडीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले होते. त्या माणसांना सलाम. पण पूर आलाय हे आंधळ्यालाही दिसतं. कारखान्यातलं काम अवघड होतं ते यामुळे की तिथे बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं दिसत नाही. एका माणसाला फक्त 'काहीतरी चुकतंय' असं वाटतं, आणि ते बोलून दाखवायचं की गिळायचं एवढाच प्रश्न असतो.

साक्याचं घ्या. हापूसमधला साका बाहेरून कळत नाही. फळ वरून सुरेख केशरी, देठाशी वास येतोय, आणि कापलं की आत कोयीजवळ फिकट, स्पंजासारखा, आंबूस भाग. तो सगळ्यात आधी कोणाला दिसतो? कटिंग टेबलवरच्या बायकांना. खरेदी करणाऱ्याला नाही, क्यूसीला नाही, मालकाला तर नाहीच. एका युनिटमध्ये देवगड बाजूच्या एक काकी टेबलाच्या टोकाला बसायच्या. पहिल्या दोन क्रेटनंतरच त्या सुरी खाली ठेवून म्हणायच्या, "सायबानू, ह्या गाडीचो माल बगून घेवा, साको खूप असा." दहापैकी आठ वेळा त्यांचं बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा माल ठीक असायचा आणि आमची पंधरा मिनिटं जायची. मी त्या दोन वेळांबद्दल त्यांना एक शब्द बोललो नाही, हे मुद्दाम सांगतो. बोललो असतो तर त्या आठ वेळाही बंद झाल्या असत्या.

पण टेबलावर बाकीच्या वीसेक बायका गप्प असायच्या. दिसत त्यांनाही होतंच. शोध घेतला तेव्हा कारण निघालं पैशांचं: त्यांची मजुरी कापलेल्या क्रेटवर होती. लाइन थांबली की त्यांचा रोज बुडायचा. टोकाच्या काकी मात्र दिवसाच्या पगारावर होत्या. पुढाकाराचं भाषण देणाऱ्या साहेबलोकांच्या हे लक्षातच येत नाही. काजूच्या कारखान्यांतही तेच. सोलणाऱ्या बायकांना किलोवर पैसे मिळतात. कच्चा माल नीट वाफवलेला नसेल तर गर तुटतो, अख्ख्या दाण्याऐवजी तुकडा निघतो, हे त्यांना पहिल्या मुठीत कळतं. पण बोलून दाखवलं तर माल परत जाणार, हात रिकामे राहणार, आणि तेवढ्या वेळाचे पैसे कोण देणार? म्हणून पुढाकाराचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे मी कुठल्याही युनिटमध्ये सगळ्यात आधी विचारतो. तो ज्याने पुढाकार घेतला त्याच्याच खिशातून जात असेल तर भिंतीवर कितीही पोस्टर लावा.

आम्ही दोन गोष्टी केल्या. थांबलेल्या वेळाची मजुरी मागच्या तासाच्या सरासरीने द्यायची असं ठरवलं. मालक कुरकुरले, पण महिन्याचा आकडा बघून गप्प झाले, कारण तो किरकोळ होता. दुसरं म्हणजे प्रत्येक टेबलाशेजारी एक लाल क्रेट ठेवला. साका दिसला की फळ त्यात टाकायचं, बोलायचं काही नाही. ठरलेल्या वेळेच्या आत लाल क्रेट भरला की ती गाडी आपोआप थांबते. साहेबाला उठून सांगायची हिंमत सगळ्यांत नसते, आणि ती सगळ्यांत असावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. नवीन लग्न होऊन आलेली सून, नेपाळहून आलेला पोरगा, त्यांना बोलायला भाग पाडण्यापेक्षा बोलण्याची गरजच कमी करावी. आठवडाभरात लाल क्रेट पटापट भरू लागले. साका काही अचानक वाढला नव्हता, आधीही तेवढाच होता, तो पल्पमध्ये जात होता.

रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, कधी उभे राहिला असाल तर हे पैशांचं गणित तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा असतो, त्यामुळे जाळं कुठे अडकलंय हे ज्याला पहिल्यांदा जाणवतं तो लगेच ओरडतो, मग तो म्हातारा असो की शाळकरी पोर.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही बघू, नाहीतर माझं ऐकून तुम्ही नसत्या ठिकाणी हात घालाल. बॉयलर, अमोनियाचं कोल्ड स्टोरेज, विजेचं पॅनेल यांच्या बाबतीत तुमचा पुढाकार म्हणजे ओरडणं, माणसं बाहेर काढणं आणि ज्याच्याकडे त्याचं सर्टिफिकेट आहे त्याला बोलावणं. बस. अमोनियाचा वास आला तर वाऱ्याच्या उलट्या दिशेला निघायचं, व्हॉल्व्ह शोधत बसायचं नाही. याउलट टेबल कुठे लावायचं, क्रेट कुठून फिरवायचे, धुण्याच्या टाकीतलं पाणी केव्हा बदलायचं असल्या गोष्टी आज बदलून उद्या पूर्ववत करता येतात. तिथे आधी करून मग सांगितलं तरी चालतं, आणि खरं तर नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. तुम्ही कायम आहात की सीझनपुरते, मालक स्वतः लाइनवर फिरतात की मुंबईत बसून फोन करतात, यानेही फरक पडतो. कंत्राटावरच्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणायला अर्धं मिनिट लागतं. त्याला धाडसाचे धडे देणारा मी कोण?

तुमच्या मॅनेजरबद्दल थोडं बोलतो. त्यांनी हे वाचलं तर बरंच. लाइन थांबलेली बघून वरिष्ठ पहिला प्रश्न काय विचारतो, यावर पुढचा अख्खा सीझन ठरतो. "कोणी थांबवली?" असं विचारलं की तिथल्या तीस माणसांना एकच गोष्ट समजते: थांबवणाऱ्याला शोधतायत. "काय दिसलं?" असं विचारलं की वेगळी समजते. प्रश्न एका दमात विचारला जातो, रागाच्या भरात विचारला जातो, म्हणून मी हा दुसरा प्रश्न शिफ्ट सुपरवायझरांकडून अक्षरशः घोकून घेतो. झापायचं असेल तर केबिनमध्ये झापा, रोलरसाठी झापा, नोंद न केल्याबद्दल झापा. पण थांबवल्याबद्दल तिथल्या तिथे सगळ्यांसमोर "बरं केलंस" म्हणा, मग डबे मापात निघाले तरी. तुम्हाला सगळ्यांसमोर बोलणी बसली त्या दिवसापासून तुमच्या लाइनवर कोणी सीमर थांबवला असेल असं मला वाटत नाही. टीमचं भलं-बुरं होतं म्हणजे हेच होतं.

म्हणजे आत्तापर्यंत एवढं झालं: थांबवणं तुमचं, बदलणं ऑपरेटरचं, बदलाची खूण करणं जो करेल त्याचं, आणि थांबल्याचा खर्च युनिटचा.

एक माणूस तुमच्या प्रश्नात जवळजवळ नाहीच, तो म्हणजे ऑपरेटर. जेवून आल्यावर त्याला कळलं की आपल्या मशीनचा रोलर दुसऱ्याने फिरवलाय. सीमर चालवणारे लोक आपल्या मशीनबद्दल फार हळवे असतात, आणि त्याला कारण आहे: मापं बिघडली तर सही त्याची असते. मॅनेजरशी बोलण्याआधी त्याच्याशी बोला. फार गोड बोलायची गरज नाही, "मला कडेची शंका वाटली, तुला हाक मारायला हवी होती" एवढं पुरे. मग त्यालाच सांगा की कड कापून मापं कशी घेतात ते मला दाखव. पावसाळ्यात मशीन खोलून साफ होतं, रोलर-चक हातात घेऊन बघायला मिळतात, तेव्हा शिकायला वेळही असतो. पुढच्या मेमध्ये तुम्ही "कड बरी दिसत नाही" असं न म्हणता "दुसऱ्या हेडचा ओव्हरलॅप कमी येतोय", म्हणजे दोन हूक एकमेकांत कमी अडकतायत, असं म्हणालात तर तुमच्या शब्दाला वजन येईल, हुद्दा तोच राहिला तरी.

मॅनेजरशी कधी बोलायचं? आत्ता, पावसात, किंवा एप्रिलमधल्या ट्रायल रनला. मे महिन्यात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. आणि 'मला पुढाकार घेऊ द्या' असं मोघम मागू नका, त्याला ते 'हो हो' म्हणतील आणि विसरतील. नेमकं विचारा: "सीमरवर शंका आली आणि ऑपरेटर जागेवर नसेल तर मी मशीन थांबवून ऑपरेटरला आणि क्यूसीला बोलावू का? तोवर निघालेले शेवटचे डबे खडूने खूण करून बाजूला ठेवू का?" या दोन प्रश्नांना हो मिळालं की ते शक्यतो सीमरशेजारच्या बोर्डावर लिहून घ्या, सगळ्यांना दिसेल असं. उद्या शिफ्ट बदलली, मॅनेजर बदलले, तरी ते राहतं. ऑपरेटरच्या जेवणाच्या वेळेत बदली माणूस कोण, हेही त्याच वेळी ठरवून घ्या. खरं तर मूळ घोळ तिथेच आहे. सीमर चालू ठेवून ऑपरेटरला जेवायला पाठवणाऱ्या युनिटमध्ये हे आज ना उद्या होणारच होतं.

आणि 'हो' मिळालंच नाही तर? "तू तुझं काम बघ" हेच उत्तर आलं, तर त्या युनिटमध्ये थांबवण्याचा हट्ट धरू नका, पण डोळे मिटूनही घेऊ नका. खिशात छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, बॅच कोड, काय दिसलं, कोणाला सांगितलं, एवढ्या पाच गोष्टी दोन ओळींत लिहा. तक्रारीसाठी नाही, स्वतःसाठी. कोणत्या शंका खऱ्या निघाल्या आणि कोणत्या फुसक्या, हे एका सीझनमध्ये तुम्हालाच कळेल. आणि पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्या युनिटमध्ये काम विचारायला गेलात तर ती वही सोबत न्या. मी स्वतः सुपरवायझर निवडतो तेव्हा "मी पुढाकार घेतो" म्हणणारे ढिगाने येतात. लिहून ठेवणारे फार कमी येतात, आणि त्यांना मी दुसरं काही फारसं विचारत नाही.